वंगण, वाहनांच्या प्रेषण यंत्रणेतील

एंजिनात निर्माण झालेली शक्ती चाकांपर्यंत पोहोचविणाऱ्या भागांमध्ये घर्षण व झीज कमी करण्यासाठी वापरण्यात येणारे तेल अथवा ग्रीज. दंतचक्रपेटी, चारही चाकांना शक्ती देणाऱ्या वाहनांतील संक्रमणपेटी आणि मागील आसाच्या मध्यभागी असलेले विभेदक दंतचक्र ही या यंत्रणेतील प्रमुख तेलस्थाने होत. एंजिनातील तेल इंधनाच्या ज्वलनामुळे काळे पडते व वारंवार बदलावे लागते, हे बहुतेक वाहनधारकांना ठाऊक असते. प्रेषण यंत्रणेतील तेलाचा ज्वलनाशी संबंध येत नाही, ते बंद पेटीत दृष्टीआड असते आणि हजारो किलोमीटर तक्रारीविना काम करते. त्यामुळेच त्याचा विसर पडतो. ते खराब झाल्याचे बहुधा दंतचक्रांच्या आवाजावरूनच कळते आणि तोवर दातांची झीज होऊन गेलेली असते.

या वंगणाच्या इतिहासात तेलाचा प्रकार जसा बदलत गेला, तसा ते घालणारा हातही बदलत गेला. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा परिसरात बंडी, जीप, ट्रक आणि पिकअप असे या इतिहासाचे सर्व टप्पे एकाच रस्त्यावर दिसून आलेले असल्यामुळे पुढील विवेचनात त्या परिसराचे उदाहरण घेतले आहे.

प्राचीन वंगणे : जड वस्तू ओढताना खालचा पृष्ठभाग ओला केल्यास श्रम कमी होतात, हे मानवास फार पूर्वीपासून ठाऊक होते. ईजिप्तमधील जेहुतिहोतेप याच्या इ. स. पू. सु. १८८० मधील थडग्यात प्रचंड पुतळा घसरगाडीवरून ओढून नेत असल्याचे चित्र असून गाडीच्या पुढील भागावर उभा असलेला एक मनुष्य जमिनीवर द्रव ओतताना त्यात दाखविला आहे. चाकाच्या गाड्यांत घर्षणाचे स्थान जमिनीवरून आसाकडे आले आणि तेथे प्राण्यांची चरबी व वनस्पतिज तेले वापरण्यात येऊ लागली. तेलाचा पातळ थर दोन पृष्ठभाग एकमेकांपासून अलग कसे ठेवतो, याची गणिती उपपत्ती मात्र ऑझ्बर्न रेनल्ड्स या ब्रिटिश अभियंत्यांनी १८८६ मध्ये मांडली. घर्षण, झीज व वंगणक्रिया यांचा एकत्रित अभ्यास करणाऱ्या शास्त्राला ‘ट्रायबॉलॉजी’ हे नाव तर १९६६ मध्ये ब्रिटनमधील एका शासकीय अहवालामुळे रूढ झाले.

बैलगाडीचे वंगण : महाराष्ट्रात ‘वंगण’ हा शब्द प्रथम बैलगाडीच्या आसाशी निगडित आहे, काही भागांत त्यास ‘ओंगण’ असेही म्हणतात. विदर्भात बैलगाडीला बंडी म्हणतात. बंडीच्या लाकडी चाकाच्या तुंब्यात लोखंडी नळी बसविलेली असते व ती आसाच्या टोकाभोवती फिरते. वंगण घालण्यासाठी आसाच्या टोकाची खीळ काढून चाक थोडे बाहेर सरकवितात, जुना काळा चिकटा पुसतात आणि तेलात भिजविलेली चिंधी आसाला फासतात. वंगणाचे नळकांडे गाडीलाच टांगलेले असे. ही सर्व कृती गाडीवान स्वतः करीत असे. वंगण संपल्याची सूचना चाकाच्या करकरण्यातून मिळे आणि उपाय तेथल्या तेथे करता येई.

कोणते तेल कोठे चालते याचे ज्ञान अनुभवातून आलेले होते, तरी त्याला रासायनिक आधार आहे. विदर्भात जवसाचे पीक मोठ्या प्रमाणावर होत असे. पण जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजनाशी संयोग पावून वाळते व त्याचा चिवट पापुद्रा बनतो. हा गुण रंग व रोगण यांसाठी उपयुक्त, तर आसासाठी घातक ठरतो. जंगलपट्टीत मोहाच्या बियांपासून काढलेले तेल दिव्यासाठी व खाण्यासाठी वापरीत. थंडीत ते थिजते. एरंडेल मात्र न वाळणारे व दाट असून धातूच्या पृष्ठभागाला चांगले चिकटून राहते. त्यातील रिसिनोलेइक अम्लाच्या रेणूमध्ये असलेला हायड्रॉक्सिल गट या गुणांना कारणीभूत असतो. याच गुणांमुळे ब्रिटनमधील सी. सी. वेकफील्ड कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर विमान व मोटार यांच्या एंजिनांसाठी तयार केलेल्या खनिज तेलात एरंडेल मिसळले. कॅस्ट्रॉल हे व्यापारी नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलेले आहे.

खनिज तेल व मोटारगाडी : अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १८५९ मध्ये एडविन ड्रेक यांनी तेलविहीर खोदल्यानंतर खनिज तेलाचा उद्योग वाढीस लागला. निर्वात ऊर्ध्वपातनाने जड तेलाचे भाग न जाळता वेगळे करता येऊ लागले व त्यांपासून निरनिराळ्या दाटपणाची वंगणे मिळू लागली. भारतात आसाममधील दिग्बोई येथील परिष्करणशाळा १९०१ मध्ये सुरू झाली.

मोटारगाडीने वंगणापुढे नवे प्रश्न उभे केले. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ च्या सुमारास कल्पिलेले विभेदक दंतचक्र वळणावर बाहेरच्या चाकाला आतील चाकापेक्षा जास्त फेरे घेऊ देते. मोटारगाडीत ते अपरिहार्य ठरले. त्याच देशातील पानार व लेव्हासॉर यांच्या गाडीत १८९१ च्या सुमारास सरकत्या दंतचक्रांची पेटी आली. फोर्ड कंपनीच्या १९०८ मधील ‘टी’ प्रतिमानात एंजिन व दंतचक्रे एकाच तेलात फिरत असत. पुढे दंतचक्रपेटी स्वतंत्र झाली व तिच्यासाठी वेगळे, दाट तेल वापरण्याची प्रथा पडली. वेगवेगळ्या गतीने फिरणारी दंतचक्रे जुळण्यापूर्वी पितळी कड्यांच्या घर्षणाने त्यांचे वेग समान करणारी समकालन रचना कॅडिलॅक मोटारींत १९२८ पासून वापरात आली. तेलाने दातांमधील घर्षण कमी करावे, परंतु या कड्यांना आवश्यक तेवढे घर्षण शिल्लक ठेवावे, अशी दुहेरी अपेक्षा त्यामुळे निर्माण झाली.

तेलाच्या दाटपणाचे क्रमांक अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने ठरवून दिले. एंजिन तेल व दंतचक्र तेल यांच्या क्रमांकश्रेणी वेगवेगळ्या आहेत. ‘९०’ क्रमांकाचे दंतचक्र तेल हे ‘४०’ क्रमांकाच्या एंजिन तेलाच्या दुपटीहून अधिक दाट असेल, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात १००° से. तापमानास त्यांच्या दाटपणात फारसे अंतर नसते. ‘८०डब्ल्यू-९०’ यासारख्या दुहेरी क्रमांकातील पहिला भाग थंडीतील प्रवाहीपणा व दुसरा भाग तापलेल्या अवस्थेतील दाटपणा दर्शवितो.

हायपॉइड दंतचक्रे व समावेशके : या वंगणाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा बदल १९२५ नंतर घडला. मागील आसातील लहान दंतचक्राचा अक्ष मोठ्या दंतचक्राच्या मध्यापासून खाली सरकविल्यास प्रचालक दंड खाली आणता येतो व गाडीची बैठक बुटकी करता येते. या रचनेला हायपॉइड म्हणतात. पॅकार्ड कंपनीने १९२६ च्या सुमारास ती मोटारीत आणली. या रचनेत दात एकमेकांवर केवळ लोळत नाहीत, तर लांबीच्या दिशेने घसरतातही. प्रचंड दाबाखाली होणाऱ्या या घसरणीमुळे तेलाचा थर पुसला जातो आणि साध्या तेलात दात थोड्याच काळात ओरखडले जातात.

यावर उपाय म्हणून तेलात प्रथम शिसे व गंधक यांची आणि पुढे गंधक व फॉस्फरस यांची संयुगे मिसळण्यात येऊ लागली. दातांच्या स्पर्शबिंदूवर तापमान वाढताच ही संयुगे लोखंडाशी विक्रिया करून अतिशय पातळ, मऊ थर तयार करतात. झीज या थराची होते, पोलादाची नव्हे. या समावेशकांच्या प्रमाणानुसार दंतचक्र तेलांचे वर्ग पडतात. ‘जीएल-४’ वर्गाचे तेल बहुतेक हस्तचालित दंतचक्रपेट्यांसाठी आणि ‘जीएल-५’ वर्गाचे तेल हायपॉइड आसांसाठी असते. वरच्या क्रमांकाचे तेल सर्वत्र चांगले, ही समजूत चुकीची आहे. ‘जीएल-५’ तेलातील तीव्र समावेशके तांबेयुक्त मिश्रधातूंचे संक्षारण करू शकतात. त्यामुळे दंतचक्रपेटीतील पितळी समकालन कडी निकामी होण्याचा संभव असतो. उलट ‘जीएल-४’ तेल हायपॉइड आसाला पुरेसे संरक्षण देत नाही.

स्वयंचलित दंतचक्रपेट्यांसाठी १९४० नंतर वेगळे पातळ द्रव तयार झाले. त्यांत घर्षणाचे नियंत्रण करण्यासाठी स्पर्म देवमाशाचे तेल मिसळीत असत. या देवमाशास १९७० मध्ये अमेरिकेत कायद्याचे संरक्षण मिळाल्यानंतर संश्लेषित पर्याय शोधावे लागले. प्राणिज चरबीवर चालणाऱ्या वंगणाचा काळ मोटारयुगातही इतका उशिरापर्यंत टिकून होता.

भारतातील विकास : वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचा मुंबईतील कुर्ला येथील कारखाना १९४७ मध्ये सुरू झाला. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने १९४० नंतरच्या दशकाअखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. टाटांच्या कंपनीने १९५४ मध्ये जर्मन सहकार्याने जमशेदपूर येथे ट्रकचे उत्पादन आरंभिले व पुढे पुण्यातही कारखाना उभारला. दुसऱ्या महायुद्धासाठी तयार झालेल्या जीपमुळे चारही चाकांना शक्ती देणारी संक्रमणपेटी व पुढील आसाचे विभेदक दंतचक्र ही जास्तीची तेलस्थाने भारतीय कारागिरांच्या परिचयाची झाली.

मुंबईच्या तुर्भे-माहुल परिसरात १९५४ व १९५५ मध्ये दोन परिष्करणशाळा सुरू झाल्या. त्यांच्या परदेशी मालक कंपन्या पुढे शासनाने ताब्यात घेतल्या. त्यांतून हिंदुस्थान पेट्रोलियम (१९७४) व भारत पेट्रोलियम या सार्वजनिक कंपन्या उदयास आल्या. त्यांच्या व १९६४ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन ऑइलच्या पंपांद्वारे वंगण तेलाचे बंद डबे तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले. १९८८ मध्ये टाटांनी ‘टाटामोबाइल’ हे पिकअप वाहन आणले. २००० नंतर महिंद्र कंपनीची पिकअप वाहने ग्रामीण भागात मोठ्या प्रमाणावर दिसू लागली.

राजुरा परिसर : वर्धा नदीच्या पलीकडे, बल्लारपूरच्या समोरच्या बाजूस वसलेले राजुरा हे पूर्वी हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेच्या वेळी १९५६ मध्ये राजुरा तालुका मुंबई राज्यात येऊन नांदेड जिल्ह्यास जोडला गेला व १९५९ मध्ये तत्कालीन चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात समाविष्ट झाला. काझीपेठ-बल्लारशाह लोहमार्ग १९२९ मध्ये पूर्ण झाल्याने लांब पल्ल्याची वाहतूक रेल्वेकडे गेली. परंतु कापूस, सागवान व बांबू स्थानकापर्यंत आणण्याचे काम दीर्घकाळ बंडीकडेच राहिले. पुढे सास्ती, गोवरी व पोवनी येथील कोळसा खाणींचा विस्तार झाला आणि १९८० नंतर गडचांदूर व आवाळपूर परिसरात चुनखडकावर आधारित सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. त्यांच्याबरोबर अवजड ट्रक आले व ट्रकांबरोबर रस्त्याकडेची गॅरेजे आली. बंडीचीही चाके बदलली. रबरी धावांच्या व गोळ्यांच्या धारव्यांच्या बंडीला चिंधीऐवजी ग्रीज लागू लागले.

प्रेषण यंत्रणेच्या वंगणाला हा परिसर प्रतिकूल आहे. उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या वर जाते. गडचांदूरकडून जिवतीच्या माणिकगड डोंगरावर चढणारी भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये दीर्घकाळ चालते व पेटीतील तेल तापते. अशा तेलाचे ऑक्सिडीभवन जलद होते. कोळशाची व सिमेंटची धूळ तेलझडपांच्या कडांवर साचून रबर झिजविते. सर्वांत मोठा धोका मात्र पावसाळ्यातील पाण्याचा आहे. चालून तापलेला आस नाल्याच्या थंड पाण्यात बुडला की आतील हवा आकुंचन पावते व बाहेरचे पाणी आत ओढले जाते. हे टाळण्यासाठी आसावर हवा जाण्यायेण्याची लहान नळी ठेवलेली असते. गॅरेजमध्ये तिला ब्रीदर म्हणतात. ती चिखलाने बुजल्यास किंवा पाण्याखाली गेल्यास पाणी आत शिरते. वर्धा नदीच्या मोठ्या पुरात बल्लारपूर-राजुरा मार्गावरील पूल पाण्याखाली जातो, तसा तो जुलै २०२२ मध्येही गेला होता. गडचिरोली जिल्ह्यात भामरागडजवळ पर्लकोटा नदीच्या पुराने रस्ता वारंवार तुटतो. पूर ओसरताच ओढे-नाले ओलांडणाऱ्या वाहनांच्या आसातील तेल तपासणे म्हणूनच आवश्यक असते. पाणी मिसळलेले तेल दुधासारखे पांढरट दिसते. असे पायस बनलेले तेल दातांवर थर धरीत नाही व धारव्यांना गंज चढवते.

घरी तेल बदलणे : पिकअप हे शेतकरी किंवा लहान व्यापारी यांच्या चरितार्थाचे साधन असते व त्याचा एक दिवसाचा खोळंबाही त्यांना परवडत नाही. दंतचक्रपेटीचे व मागील आसाचे तेल बदलण्यास गुंतागुंतीची हत्यारे लागत नसल्याने पुष्कळ वाहनधारक हे काम अंगणातच करतात. ते योग्य रीतीने केल्यास त्यात गैर काही नाही. बदलाचा काळ व तेलाचा वर्ग निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा लागतो. पाण्यात गेलेल्या वाहनाचे तेल मात्र मुदतीची वाट न पाहता बदलतात.

प्रथम वाहन काही किलोमीटर चालवून तेल कोमट करतात. त्यामुळे ते सहज वाहते व तळाचा गाळही बरोबर येतो. नंतर वाहन सपाट जागी उभे करून चाकांना अडण्या लावतात. वाहन उचलावे लागल्यास ते केवळ जॅकवर ठेवून त्याखाली जाणे प्राणघातक ठरू शकते. भक्कम आधार देणे अनिवार्य आहे. शिवाय आस एका बाजूस कललेला राहिल्यास तेलाची पातळी चुकते.

यानंतरचा क्रम महत्त्वाचा असतो. तेल भरण्याचे वरचे बूच आधी सैल करून पाहतात व मगच निचऱ्याचे खालचे बूच काढतात. वरचे बूच गंजून बसलेले असल्यास व खालचे आधी काढल्यास तेल निघून गेलेले आणि नवे भरता येत नाही, अशा अवस्थेत वाहन जागेवरच अडकून पडते. निचऱ्याच्या बुचावर बहुधा चुंबक असतो. त्यावरील राखाडी, लोण्यासारखा लेप ही स्वाभाविक झीज होय. बोटांना टोचणारे कण किंवा दाताचे तुकडे आढळल्यास पेटी उघडून तपासणे आवश्यक असते. अशा वेळी नुसते तेल बदलल्याने दोष झाकला जातो, दूर होत नाही. बूच स्वच्छ करून नव्या वॉशरसह बसविल्यानंतर हातपंपाने नवे तेल वरच्या छिद्राच्या कडेपर्यंत, ते बाहेर ओघळू लागेपर्यंत भरतात. अधिक भरलेले तेल फेसाळते व तेलझडपांतून बाहेर पडून ब्रेकच्या भागांवर जाऊ शकते. शेवटी ब्रीदर साफ करतात आणि वाहन थोडे चालवून गळती तपासतात.

वापरलेले तेल : घरगुती तेलबदलाचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे निघालेले तेल होय. ग्रामीण भागात त्याला ‘जळके ऑइल’ म्हणतात. वाळवी लागू नये म्हणून ते लाकडी खांबांना फासतात, कुठे बंडीच्या आसालाही घालतात. एकेकाळी एरंडेल घेणारा आस अशा रीतीने ट्रकच्या टाकाऊ तेलावर चालू लागला. काटकसरीच्या दृष्टीने हे समजण्यासारखे असले, तरी या दोन तेलांत मूलभूत फरक आहे. जमिनीवर सांडलेले एरंडेल जीवाणू काही काळात कुजवितात. खनिज तेलाचे अपघटन फार सावकाश होते व त्यात धातूंचे कण आणि गंधक-फॉस्फरसाची संयुगे असतात. एंजिनाच्या तेलात ज्वलनातून आलेली विषारी हायड्रोकार्बनेही असतात. राजुरा-कोरपना भागात चुनखडक विपुल आहे. या खडकातील भेगा व पोकळ्या यांतून पाणी, न गाळले जाता, दूरवर वाहत जाते. त्यामुळे अंगणातील खड्ड्यात ओतलेले तेल शेजारच्या विहिरीत उतरण्याचा धोका येथे विशेष आहे.

भारतात घातक कचऱ्याविषयीचे नियम प्रथम १९८९ मध्ये करण्यात आले; वापरलेले तेल आज २०१६ च्या नियमांखाली येते. १ एप्रिल २०२४ पासून वंगण तेलाच्या उत्पादकांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्चक्रीकरणाची विस्तारित जबाबदारीही टाकण्यात आली आहे. निर्जलीकरण, निर्वात ऊर्ध्वपातन व शुद्धीकरण यांच्या साह्याने अशा तेलापासून पुन्हा वंगणयोग्य मूळ तेल मिळविता येते. त्यासाठी वाहनधारकाने करावयाची गोष्ट साधी आहे : निघालेले तेल रिकाम्या डब्यात, पाणी व इतर द्रव न मिसळता साठविणे आणि अधिकृत संकलकापर्यंत पोहोचेल अशा रीतीने गॅरेजमध्ये किंवा विक्रेत्याकडे देणे.

विजेवर चालणाऱ्या मालवाहू वाहनांत एंजिन नसल्याने एंजिन तेल लागत नाही. परंतु विद्युत् चलित्राचा वेग कमी करून चाकांना देणारी दंतचक्रे त्यांतही असतात व ती तेलातच फिरतात. मोटारवाहनांची एंजिने मागे पडली, तरी दंतचक्रांचे वंगण आणि ते वेळेवर पाहण्याची गरज कायम राहणार आहे. बंडीवानाला चाकाचे करकरणे ही सूचना मिळत असे. बंद पेटीतील तेलाच्या बाबतीत अशी सूचना वेळेवर मिळत नसल्याने तिची जागा नियमित तपासणीनेच भरून काढावी लागते.